आमच्या अपक्षाचं कपाट आणि टेबल नंबर ९

२०२४ च्या विधानसभेवर सगळ्यांचं लिहून झालं, विश्लेषण झालं, भांडणंही झाली, मग मी आता कशाला लिहितोय तर ज्याच्यामुळे मला तो निकाल आतून बघायला मिळाला तो मित्र आत्ता कुठे त्या विषयावर हसायला लागलाय. त्याआधी लिहिलं असतं तर मैत्री गेली असती. मतदारसंघाचं नाव सांगत नाही, मित्राचं तर नाहीच. अपक्ष होता एवढं पुरे.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर, ऐन धनत्रयोदशी. आमच्या पठ्ठ्याने त्याच दिवशी १० हजार रुपये अनामत भरून अर्ज टाकला. का उभा राहिला हे विचारू नका, त्याला रस्त्याचा राग होता, कारखान्याचा राग होता, सोयाबीनचा तर होताच, हमीभाव तेव्हा ४८९२ आणि बाजारात मिळत होते किती ते प्रत्येक शेतकऱ्याला माहिती. आम्हाला सगळ्यांना वाटलं ४ नोव्हेंबरला मागे घेईल, मोठ्या उमेदवाराचं कोणीतरी समजूत काढायला येईल, चहा होईल, फोटो होईल आणि विषय संपेल. खरं सांगायचं तर त्यालाही तसंच वाटत असावं. पण कोणी आलंच नाही. तीन वाजेपर्यंत वाट बघितली आणि मुदत संपली, मग काय, लढणं आलं. चिन्ह मिळालं कपाट. पोरांनी लगेच घोषणा काढली, "उघडा कपाट, विरोधक सपाट". आता हसू येतं पण तेव्हा आम्हाला ती खरंच भारी वाटली होती.

प्रचारात आम्ही फिरलो तेव्हा एकही माणूस "नाही" म्हणाला नाही. हे मला सगळ्यात आधी नोंदवायचंय. पंधरा दिवसांत एकही नाही. "तुम्हालाच, तुम्हालाच", "आमच्या वाड्यातली चौदा मतं लिहून घ्या", "बाकीच्यांना बघितलं आता, पोरगं चांगलंय". मित्र रोज रात्री वहीत आकडे लिहायचा आणि बेरीज करायचा. खर्चाची मर्यादा ४० लाख होती म्हणे, आमचा खर्च म्हणजे दोन रिक्षा, एक भोंगा आणि वडापाव, त्यामुळे खर्चाची वही रिकामी आणि मतांची वही भरलेली.

२० नोव्हेंबरला मतदान. मी आमच्याच बूथवर त्याचा पोलिंग एजंट म्हणून बसलो, बूथ नंबर १४९, झेडपी शाळेची तिसरीची खोली. सकाळी सहाच्या आधी मॉकपोल होतो, एजंटांसमोर किमान ५० मतं टाकून बघतात, चिठ्ठ्या मोजतात, मग सगळं पुसून यंत्र सील करतात. त्या खोट्या मतांमध्ये आमच्या कपाटाला चांगली मतं पडली कारण बटण मीच दाबत होतो. दिवसभरात आमचा तो एकच विजय.

दुपारपर्यंत तुरळक होतं सगळं. चार वाजल्यानंतर जे सुरू झालं ते मी याआधी कधी बघितलं नव्हतं. बायका. शेतातून, भांडी घासून, लेकरं शेजारणीकडे ठेवून, चार-चार पाच-पाच जणी मिळून येत होत्या आणि मुख्य म्हणजे एकमेकींशी बोलत येत होत्या, नवऱ्यांच्या मागे नाही. केंद्राध्यक्ष दर दोन तासांनी पुरुष किती बायका किती ते वर कळवत होते, माझ्या शेजारी मोठ्या पक्षाचा एजंट बसला होता त्यानं यादीवर टिक करता करता हळूच म्हटलं, "आज बायांची लाईन हटतच नाय राव." आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मी आदल्या आठवड्यात विचारलं होतं, की काकू महाविकास आघाडी तर तीन हजार देणार म्हणते, तुमच्या पंधराशेच्या डबल. काकू म्हणाल्या, "पंधराशे आलेत ते दिसतात, तीन हजार नुसते ऐकू येतात." लाडकी बहीण योजना जूनच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, जुलैपासूनचे हप्ते धरले आणि आचारसंहिता लागायच्या आत ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही जमा करून टाकले, म्हणजे मतदानाला जाताना बाईच्या खात्यात साडेसात हजार येऊन गेलेले होते. हे मी काकूंच्या तोंडून ऐकलं होतं, हसलो होतो, आणि विसरलो होतो. नंतर आकडे आले तेव्हा कळलं की राज्यात बायकांचं मतदान ६५ टक्क्यांच्या पुढे गेलं, २०१९ ला ते ६० च्या आत होतं.

सहा वाजले तेव्हा शाळेच्या फाटकापर्यंत रांग होती. अशा वेळी काय करतात तर फाटक बंद करतात आणि रांगेत शेवटी उभा असलेल्या माणसापासून सुरुवात करून पुढेपर्यंत चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे मागून कोणी घुसायला नको. आमच्याकडे शेवटचं मत सव्वासातला पडलं. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे त्यावरून लई राडा झाला, पाच वाजता ५८.२२ टक्के आणि अंतिम आकडा ६६.०५, मग वाढले कुठून. शंका घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, लोकशाहीत ती घ्यावीच, पण ती घ्यायला प्रत्येक बूथवर एक कागद मिळतो, १७ सी म्हणतात त्याला, किती मतं पडली ते लिहून केंद्राध्यक्षाच्या सहीने एजंटला देतात. तो कागद त्या रात्रीच उमेदवाराच्या हातात असतो. आमच्या मित्राकडे सगळ्या बूथचे मिळून असे कागद किती आले माहितीये? सहा. कारण एजंटच सहा ठिकाणी होते. आणि मोठमोठ्या उमेदवारांचेही एजंट पाच वाजता जेवायला निघून जातात हे मी डोळ्यांनी बघितलंय, मग नंतर टीव्हीवर आकडा कुठून आला म्हणून विचारतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार. मोजणीला मी काउंटिंग एजंट. आता इथे माझी एक हुशारी सांगतो. मोजणीला १४ टेबलं असतात आणि बूथ क्रमाने लावतात, पहिल्या फेरीत १ ते १४, दुसऱ्या फेरीत १५ ते २८ असं. म्हणजे ९ नंबरच्या टेबलावर ९, २३, ३७ करत करत अकराव्या फेरीत १४९ येणार. मी मित्राला म्हटलं मला ९ नंबर दे. त्याला वाटलं हा किती शास्त्रशुद्ध विचार करतोय. मला फक्त माझ्या गावाचं बघायचं होतं.

मोजणी सरकारी गोडाऊनमध्ये होती. मोबाईल बाहेर ठेवायचा, आत वही आणि पेन. मध्ये जाळी, पलीकडे कर्मचारी, अलीकडे आम्ही, आणि बसायचा क्रम पण ठरलेला असतो, आधी मान्यताप्राप्त पक्षांचे एजंट, अपक्षांचे शेवटी. म्हणजे मी सगळ्यात कोपऱ्यात. आठला पोस्टल मतं सुरू झाली, साडेआठच्या सुमारास यंत्रं आली. मतपत्रिकेचं युनिट येत नाही, फक्त कंट्रोल युनिट येतं, त्याचं सील आणि नंबर दाखवतात, रिझल्टचं बटण दाबतात आणि डिस्प्ले आमच्याकडे फिरवून धरतात. आधी एकूण मतं, मग एकेका उमेदवाराची. आमच्याकडे १७ उमेदवार आणि नोटा, म्हणजे एक यंत्र वाचायला बराच वेळ. आमचा मित्र १३ नंबरला. चार-पाच नंबरनंतर बाकीचे एजंट पेन खाली ठेवायचे, पाणी प्यायचे, आणि मी एकटा तेराव्या नंबरची वाट बघत मान उंच करून बसलेलो.

पहिलं यंत्र, कपाट १. दुसरं, ०. तिसरं, २. ज्या वाड्यातली चौदा मतं लिहून घेतली होती त्या बूथवर २.

इथे मला एक गोष्ट कळायला लागली. आम्ही तर हरणारच होतो, त्यामुळे माझं डोकं शांत होतं, आणि माझ्या शेजारी जे दोघं होते ते माझ्यासाठी सिनेमा झाले. एक महायुतीच्या उमेदवाराचा, एक आघाडीच्या. आघाडीवाला भारी तयारीनं आला होता, त्याच्याकडे लोकसभेचे बूथवार आकडे छापून आणलेले, पिवळ्या पेनानं रंगवलेले. त्याचा हिशोब साधा होता, की जूनमध्ये राज्यात ४८ पैकी ३० जागा आपल्याला आल्या, या मतदारसंघात पण लीड होतं, आता त्यातून थोडं वजा केलं तरी निवांत. पहिल्या दोन फेऱ्यांत तो म्हणत होता, "हा भाग त्यांचाच आहे, आपला पुढे आहे." तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्यानं पिवळ्या आकड्यांशी ताडून बघायला सुरुवात केली. सहाव्या फेरीत त्याचा "आपला भाग" आला आणि तिथेही तो मागे. मग त्यानं लिहायचं बंद केलं. नुसता डिस्प्लेकडे बघत बसला. गंमत म्हणजे महायुतीवाला पण खूश दिसत नव्हता, घाबरल्यासारखा दिसत होता, कारण त्यानं घरून जो हिशोब आणला होता त्यात पण एवढं लीड नव्हतं. दोघांच्याही वह्या चुकल्या होत्या, एकाची खाली आणि एकाची वर.

आम्हा तिघांनाही वाटत होतं हे फक्त आपल्याच तालुक्यात चाललंय. आघाडीवाला म्हणाला, "आमचा उमेदवारच कमी पडला हो." उमेदवार बदलला असता तर, त्या गटाला सांभाळलं असतं तर, अशी त्याची स्थानिक कारणं तयार झाली होती, आणि ऐकायला सगळी पटत होती. आता मागे वळून बघताना वाटतं की त्या सकाळी राज्यातल्या अशा शेकडो टेबलांवर एकेक माणूस आपापलं स्थानिक कारण शोधत बसला असणार.

अकरावी फेरी. १४९ चं यंत्र. खिशात १७ सी होता, तो काढला, एकूण मतं जुळली, अगदी एकेक. मग उमेदवार. तेरावा नंबर. ३.

आता हे नीट समजून घ्या. आमचा मित्र तालुक्याच्या दुसऱ्या टोकाचा, आमच्या गावात त्याला ओळखणारं आमच्याशिवाय कोणी नाही. आमच्या घरात चार मतं आहेत. आई, वडील, बायको, मी. यंत्रात तीन. मी वहीत ३ लिहिलं आणि त्याच्याभोवती उगाच गोल केला. पुढे सांगतो.

साधारण चारला बाहेर आलो आणि मोबाईल चालू केला. आत आठ तास आपल्याला जग माहितीच नव्हतं. महायुतीच्या तीन पक्षांचे मिळून २३०. मी आधी फोन बिघडलाय असं समजलो. भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजितदादा ४१. पलीकडे ठाकरेंची सेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. बहुतेक एक्झिट पोलवाल्यांनी महायुती पुढे दाखवली होती पण एवढी कोणी म्हणलं नव्हतं. बरं, तारीख बघा, २३ नोव्हेंबर. पाच वर्षांपूर्वी बरोब्बर ह्याच तारखेला फडणवीस आणि अजितदादांचा पहाटेचा शपथविधी झाला होता, ८० तासांचं सरकार. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला पहाट पाच वर्षांनी झाली. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला आपण प्रचारात घ्यायला पाहिजे होता.

बाळासाहेब थोरात संगमनेरला पडले, पृथ्वीराज चव्हाण कराड दक्षिणला पडले. आमच्या वडिलांच्या पिढीला हे पचायला खरंच जड गेलं, थोरात १९८५ पासूनचे आमदार. माहीमला राज ठाकरेंचा मुलगा तिसरा, मनसे शून्य. आणि विरोधी पक्षनेतेपदासाठी एकदशांश जागा म्हणजे २९ चा आकडा धरतात, तो एकाही पक्षाकडे नाही. गावात सरपंचाला पण विरोध करणारे ह्याहून जास्त असतात.

मला सगळ्यात जास्त झोप उडवणारा आकडा वेगळाच वाटतो, आणि त्यावर टीव्हीवाले एक मिनिट पण थांबले नाहीत. शरद पवारांच्या पक्षाला राज्यातल्या मतांपैकी ११.२८ टक्के मतं आणि आमदार १०. अजितदादांच्या पक्षाला ९.०१ टक्के मतं आणि आमदार ४१. परत वाचा. ज्याला मतं जास्त त्याला जागा चौथा हिस्सा. ह्यात जादू काही नाही, थोरल्या पवारांनी ८६ जागा लढवल्या आणि दादांनी ५९, त्यामुळे टक्केवारी पसरली, पण खरं कारण आपली पद्धतच आहे, ज्याला एक मत जास्त तो आमदार आणि दुसऱ्या नंबरवाल्याची सगळी मतं कपाटात. सत्तर-ऐंशी हजार मतं घेऊन माणूस घरी बसतो. लोकसभेला दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ सारखी होती तरी जागा ३० आणि १७ झाल्या, तेव्हा आघाडीवाले ह्या पद्धतीबद्दल काही बोलले नाहीत, आता महायुतीवाले बोलणार नाहीत. जिंकलेल्याला पद्धत नेहमी आवडते.

आणि दुसरीकडे नुसत्या चिमूटभर फरकानं सुटलेले. साकोलीत काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले २०८ मतांनी आले. बेलापूरला मंदा म्हात्रे ३७७. मालेगाव मध्यला तर १६२. मी रात्री मित्राला म्हटलं, "अरे तुझी सगळी मतं उचलून साकोलीत नेली असती ना तर प्रदेशाध्यक्ष पडला असता." त्याला जोक आवडला नाही. तेव्हा नाही आवडला.

नंतर दोन आठवडे मारकडवाडीचं गाजलं. माळशिरस तालुक्यातलं गाव, तिथे आमदार शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर निवडून आले पण गावात लीड भाजपच्या राम सातपुतेंना दाखवलं, गावकरी म्हणाले हे शक्यच नाही, आम्ही ३ डिसेंबरला स्वतः मतपत्रिकेवर मतदान घेऊन दाखवतो. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. माझं मत विचाराल तर होऊ द्यायला पाहिजे होतं, नाही कायदेशीर तर नाही, पण बंदोबस्त लावून थांबवल्यानं संशय कमी झाला की वाढला? पण त्याचवेळी मला आमच्या चौदा मतांचा वाडा आठवत होता. त्या वाड्यात मतपत्रिकेवर सगळ्यांसमोर परत घेतलं असतं ना तर आमच्या कपाटाला चौदाच्या चौदा पडली असती. उघड विचारलं की माणूस तोंड बघून सांगतो. तो खोटं बोलतो असं नाही, त्या क्षणी त्याला तुमचं मन मोडवत नाही. आघाडीवाल्या एजंटाला पण गावोगाव लोकांनी "यंदा बदल" असं सांगितलं असणार, आणि त्यानं ते पिवळ्या पेनानं रंगवलं.

मुख्यमंत्री ठरायला पुढे बारा दिवस लागले, मध्ये शिंदे दरे गावी जाऊन बसले, ५ डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीसांची शपथ झाली, ते सगळं तुम्ही बघितलंच आहे.

आमच्या मित्राचा हिशोब सांगायचा राहिला. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्याचं तर सोडाच, आम्ही नोटाच्याही मागे होतो. नोटा पाचवा आणि कपाट नववं. त्या रात्री दहाच्या पुढे त्याचा फोन आला. त्याला प्रत्येक बूथचा आकडा पाहिजे होता. मी म्हटलं जाऊ दे ना आता, पण त्यानं मतांची ती वही समोर घेतली होती, मी यंत्राचा आकडा सांगायचा आणि तो वहीतला सांगायचा. चौदाच्या जागी दोन. चाळीसच्या जागी सहा. तो कोणालाही शिव्या देत नव्हता, नुसतं "हं" म्हणत होता. असं करत करत १४९ ला आलो.

"तुमच्या बूथवर?"

"तीन."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "तीन? चार पाहिजेत ना रे." आणि मग स्वतःच समजूतदारपणे म्हणाला, "वैनीनं दिलं नसेल. जाऊ दे, लाडकी बहीण असेल. तू काय बोलू नको तिला."

मी म्हटलं, "हं, असेल."

बायकोनं कपाटालाच दिलं होतं. आईवडिलांनी पण. त्या तिघांनी मला विचारलं कोणाला द्यायचं आणि मी सांगितलं मित्राला द्या, आपला माणूस आहे, आणि मग मी आत गेलो, पुठ्ठ्याच्या मागे उभा राहिलो, तेरा नंबर बघितला, आणि मनात आलं की हा तर पडणारच आहे, मत कशाला वाया घालवायचं. व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद जी चिठ्ठी दिसली तिच्यावर कपाट नव्हतं. बाहेर येऊन परत त्याच्याच एजंटच्या खुर्चीत बसलो आणि यादीत माझ्या नावापुढे टिक केली.

वैनीबद्दल त्याचा गैरसमज अजून तसाच आहे. घरी आला की तिला मुद्दाम "काय लाडकी बहीण" म्हणतो, आणि ती बिचारी हसते, तिला वाटतं सहज म्हणतोय. बायको हा ब्लॉग वाचत नाही. मित्र वाचतो.